देण्याआधीचं बांधणं

१८८२च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याजवळचा एक ढिगारा खणायला घेतला. गावचे लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. आत स्तूप होता आणि स्तूपाच्या पोटात दगडाची मोठी, गोल पेटी. पेटीच्या मधोमध तांब्याचा करंडक होता, त्याच्या भोवती आठ लहान बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा करंडक निघाला, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या त्या इवल्या डबीत होते मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले असावेत, असं अनुमान भगवानलालांनी काढलं. करंडकांबरोबर सोन्याची फुलंही ठेवलेली होती. हा ऐवज आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

भेटवस्तूंच्या आवरणांवरचं पुस्तक स्तूपापासून सुरू करायला मला जराही संकोच वाटत नाही. अर्पण करायची वस्तू कशात ठेवायची, तिला लागून काय असावं, उघडणाऱ्याच्या हाताला आधी काय लागावं आणि शेवटी काय, याचा इतका बारीक विचार आपल्याच तालुक्यात शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी केला होता. सोनं मातीच्या सर्वांत जवळ ठेवलं गेलं आणि ओबडधोबड दगड सर्वांत बाहेर. आज हा विषय काढला की स्टेशनरीच्या दुकानातला चकचकीत कागद आठवतो, नाहीतर मोबाईलवर पाहिलेले रिबिनींचे फुलोरे. त्यांतही गंमत आहेच. पण विषयाचा पसारा याहून पुष्कळ मोठा आहे, आणि वसई-विरारला राहणाऱ्या माणसाला तो बाजारात, वाडीत, लग्नाच्या मांडवात रोज दिसतो.

या पसाऱ्यात शिरताना मी एकच प्रश्न हाताशी ठेवला आहे: भेट उघडून झाली की आवरणाचं पुढे काय होतं? पान मातीत जातं, टोपली घरात वापराला लागते, कापड फिरत राहतं, कागद बहुतेक वेळा फाटतो आणि प्लास्टिक तसंच पडून राहतं. या प्रश्नाने आवरणांची घराणी आपोआप वेगळी पडतात. कुठलं सुंदर आणि कुठलं नाही, हा वाद मग गौण ठरतो, कारण प्रत्येक घराण्याचं सौंदर्य त्याच्या शेवटाशी बांधलेलं आहे.

पानाच्या घराण्याचा आपल्याकडचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे आगाशी-वसई पट्ट्यातलं सुकेळ्यांचं पुडकं. राजेळी केळी पूर्ण पिकू द्यायची, सोलायची आणि कडक उन्हात सुकवायची. दिवसभर ऊन, संध्याकाळी झाकून ठेवणं, दुसऱ्या दिवशी उलटसुलट करून पुन्हा ऊन, असा क्रम आठवडाभर किंवा त्याहून जास्त चालतो. केळ्यातलं पाणी उडतं, साखर घट्ट होते आणि रंग मधासारखा होत जातो. तयार सुकेळी एकमेकांना चिकटणारी, लवचीक असतात. ती केळीच्याच सुक्या पानात रचली जातात आणि केळीच्याच सोपटाने आवळून बांधली जातात. पुडकं हातात घेतलं की पान करकरतं आणि गाठीपाशी किंचित गोड, धुरकट वास येतो. फळ, आवरण आणि दोरी तिन्ही एकाच झाडाची! बाहेरून काहीही आणलेलं नाही, आणि उघडल्यावर उरलेलं पान वाडीत टाकलं तर पुन्हा केळीच्या बुंध्याशीच जातं.

जपानी कलावंत हिदेयुकी ओका यांनी आपल्या देशातल्या पारंपरिक बांधण्यांचा संग्रह केला. त्याचं 'हाऊ टू रॅप फाइव्ह एग्ज' हे इंग्रजी पुस्तक १९६७ साली आलं आणि भाताच्या पेंढ्यात ओळीने बांधलेली पाच अंडी जगभरच्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना पाठ झाली. सुकेळ्यांचं पुडकं त्या अंड्यांच्या शेजारी मानाने बसेल, असं माझं ठाम मत आहे. आपण ते फक्त खाऊ म्हणून पाहत आलो. राजेळीच्या बागा कमी होत चालल्या, उन्हात राबायला माणसं मिळेनात, आणि सुकेळी प्लास्टिकच्या पिशवीतही मिळू लागली. चव तीच असेल, पण पाहुण्याच्या हातात ठेवताना फरक कळतो.

याच घराण्यात फुलपुडी येते. वसईच्या वाड्यांतली फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात आणि तिथून घरोघरच्या देवांपर्यंत. पूजेची फुलं पानात गुंडाळून दोऱ्याचे दोन वेढे दिलेली पुडी दाराच्या कडीला अडकवलेली असायची. पानाचा ओलावा फुलांना तजेला देतो, म्हणजे इथे आवरण कामही करतं. हळदीच्या पानातले पातोळे, केळीच्या पानातली पानगी यांत तर ते पदार्थाला स्वतःचा वास देऊन मोकळं होतं. पानाच्या आवरणाला एकच अट आहे: भेट आजची आज पोचली पाहिजे. ज्यांना चार दिवस आधी तयारी करून ठेवायची सवय आहे, त्यांना हे घराणं थोडं दमवतं.

बांबूचं घराणं बुरुडांनी सांभाळलं. टोपली, परडी, रोवळी, करंडी, सूप यांशिवाय आपलं एकही मंगलकार्य पार पडत नसे. वसईचं खायचं पान एकेकाळी पाकिस्तानपर्यंत जायचं, तेही टोपल्यांतून. पण भेट म्हणून बांबूचा खरा मान पाहायचा तर कोकणातल्या गौरीच्या ओवशाला. नवी सून सुपाला सूत गुंडाळते, त्यात पानं, फळं, सुका मेवा मांडते, गौरीला ओवसते आणि मग ती सुपं घरातल्या वडीलधाऱ्यांना देते. वडीलधारे तिला उलट भेट देतात. सूप भेटीचं तबकही होतं, भेटही होतं, आणि नंतर वर्षभर तांदूळ पाखडायला उपयोगी पडतं. पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे बांबूकाम करणारे हात आजही आहेत. दिवाळीचा फराळ द्यायला पुठ्ठ्याचा खोका घेण्याआधी एकदा त्यांच्या परड्या पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे. परडीच्या तळाशी केळीचं पान, वर स्वच्छ सुती फडकं आणि कडेने सुतळीची एक वेणी, एवढ्याने काम होतं.

कापडाकडे आलं की महाराष्ट्राजवळ सांगण्यासारखं खूप आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवले गेले आणि दफ्तराची मोजदादही रुमालांत होते. रियासतकार सरदेसाईंनी १९३०च्या दशकात त्या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते असेच रुमाल सोडून. चौकोनी कापड, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या गाठी, आणि आत दोनशे वर्षं टिकलेला कागद. दरबारात मानाची वस्त्रं तबकात घालून, वर रुमाल झाकून येत. घरगुती पातळीवर तीच रीत ओटीच्या खणात आहे, अधिक महिन्यात जावयाला द्यायच्या ३३ अनारशांच्या ताटावरच्या झाकणरुमालात आहे, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांतून नाताळात शेजारी जाणाऱ्या फराळाच्या ताटावरच्या क्रोशाच्या विणकामातही आहे. देव वेगळे, ताट झाकण्याची रीत एक.

कापडाच्या आवरणात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे परतफेड. रुमाल परत करायचा असतो, डबा परत करायचा असतो, आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चार दाणे साखर तरी त्यात घालतात. ही साधी रीत मला या सगळ्या विषयाचा कणा वाटते. आवरण परत येणार आहे हे माहीत असलं की देणारीही चांगलं कापड वापरते, घेणारीही ते धुऊन, घडी करून ठेवते आणि दोन घरांमधलं येणंजाणं त्या रुमालावर चालू राहतं. भेट एकदाच दिली जाते, रुमाल मात्र वर्षानुवर्षं फिरतो. फाडून टाकण्याच्या कागदाने आपल्याला सोय दिली, यात शंका नाही, पण हे येणंजाणं त्याला जमत नाही.

बाहेरच्या जगातही कापडाची मोठी परंपरा आहे. जपानी लोक ज्या चौकोनी कापडाला फुरोशिकी म्हणतात, त्याच्या बांधण्यांना शास्त्रासारखी शिस्त आहे: बाटलीसाठी एक, पुस्तकांसाठी दुसरी, कलिंगडासाठी तिसरी. २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांना पर्याय म्हणून फुरोशिकीचा मुद्दाम प्रचार केला. कोरियात उरलेल्या तुकड्यांच्या चौकटी जोडून बोजागी शिवतात. आपल्या गोधडीचीच ती एकपदरी, झिरझिरीत बहीण म्हणायला हवी. मापाचा नियमही सगळीकडे सारखा येतो. वस्तूची लांबी कापडाच्या कर्णाच्या साधारण एक तृतीयांश असावी. म्हणजे कोपरे गाठीला पुरतात आणि लोंबतही नाहीत. आपल्या आज्या हा नियम न मोजता पाळत होत्या, भाकरीचं फडकं बांधताना.

कागद आपल्याकडे उशिरा आवरण झाला, कारण तो महाग होता. मराठेशाहीत जुन्नरी कागदाचा लौकिक होता, तो लिहिण्यासाठी. गुंडाळायला कागद वापरायची चैन छापखान्यांनंतरची, रद्दी मुबलक झाल्यावरची. मग मात्र आपल्या वाण्यांनी त्याचं कसब केलं. जुना कागद बोटांभोवती फिरवून शंकू करायचा, त्यात चहापत्ती किंवा जिरं ओतायचं, तोंड आत दुमडायचं, आणि वर टांगलेल्या गुंडीतून लोंबणारा दोरा आडवा-उभा फिरवून बोटाच्या हिसक्याने तोडायचा. चिकटपट्टी नाही, टाचणी नाही, आणि पुडी घरापर्यंत सांडत नाही. साखरपुड्याला नटवलेले जरीचे, मण्यांचे, टिकल्यांचे शंकू याच पुडीचे सजून आलेले भाऊ. आता अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरू नये, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं आहे, कारण शाईतले घटक अन्नात उतरतात. ते मानलंच पाहिजे. पण पुस्तक, साडी, खेळणं गुंडाळायला मराठी वर्तमानपत्राच्या पानाइतकं देखणं काही नाही, विशेषतः ते बोलपट आणि नाटकांच्या जाहिरातींचं पान असेल तर.

कागदाची शिकवण प्रत्येक मराठी घरात जूनमध्ये मिळते. शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी खाकी कागदाचा गुंडाळा, कात्री आणि नवी पुस्तकं घेऊन सगळे जमिनीवर बसतात. कोपरा कसा कापायचा, घडी नखाने कशी दाबायची, पाठीपाशी कागद किती सैल ठेवायचा, हे तिथेच कळतं. भेट बांधण्याचं निम्मं कौशल्य एवढंच आहे. घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त कागद, टोकांना उंचीच्या निम्म्याहून किंचित जास्त, आणि घडी धारदार. रिबिनीची वेळ त्यानंतर येते.

छापील रंगीत भेटकागदाचा जन्म मात्र अमेरिकेतला, आणि तोही अपघाताने. १९१७च्या नाताळात कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला पातळ टिश्यू कागद संपला. त्यांनी लिफाफ्यांच्या अस्तरासाठी आणलेले फ्रेंच नक्षीदार कागद दहा सेंटला एक या दराने विकायला ठेवले, ते हातोहात गेले आणि पुढे हॉलमार्क कंपनीने त्याचाच धंदा उभारला. १९३० साली रिचर्ड ड्रू यांनी पारदर्शक चिकटपट्टी काढली. कागदाइतकाच मोठा बदल या पट्टीने घडवला, असं मला वाटतं. दोऱ्याने बांधलेला कागद सोडवता येत होता, जपून ठेवता येत होता. पट्टी लावलेला कागद फाडावाच लागतो. आवरण फाडण्याचा आनंद हा असा जेमतेम शंभर वर्षांचा आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कागदावर चमकीचा थर आला, मग कागद जाऊन नुसती चमकती फिल्म राहिली. तुमच्याकडचा कागद खरोखर कागद आहे की नाही, हे पाहायचं तर मुठीत चुरगळा. चुरगळलेला राहिला तर कागद, उलगडून परत आला तर त्यात प्लास्टिक. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंधनं आली. १ जुलै २०२२पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, त्यांत मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर चढवायची फिल्म स्पष्ट शब्दांत नमूद आहे. सजावटीचं थर्माकोलही. म्हणजे आवरण हा आता कायद्याचाही विषय झाला आहे, आणि तरीही सणासुदीला बाजारात फिरलं तर तो कायदा कुणाच्या गावी नाही असं दिसतं. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण आपल्याकडे पर्याय नाहीत असं अजिबात नाही.

हे पुस्तक आत्ता आणि इथून निघावं याचंही कारण आहे. वसई-विरार ही २००९ साली महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. वाड्या आणि पाण्याची बावखलं असलेली गावं पश्चिमेला, आणि पूर्वेला उंच इमारती, चाळी, वालीव-सातिवलीचे औद्योगिक गाळे, असं आमचं शहर आहे. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, उत्तर भारतातून आलेली माणसं एका जिन्यावर राहतात आणि एकमेकांच्या वाढदिवसांना, बारशांना, गृहप्रवेशाला भेटी नेतात. ज्या घरात रुमाल परत करायची रीत होती ते घर आता चौथ्या मजल्यावर आहे, आणि शेजारी नवे आहेत. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके दाराशी साठतात. दुसरीकडे कितीतरी बायका घरातून चॉकलेट, फराळ, भेटींच्या टोपल्या बांधून विकू लागल्या आहेत. त्यांच्यासाठी आवरण ही हौस राहिलेली नाही, ती मिळकत आहे. मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून महागडी फिल्म आणून नफा घालवण्यापेक्षा शेजारच्या वाडीतलं सोपट वापरता आलं तर त्यांचेही चार पैसे वाचतील.

याच जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट या कामात मला सतत आठवत राहिली. वारली बायका लग्नाचा चौक झोपडीच्या भिंतीवर काढत. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी त्यांच्या हाती साधा तपकिरी कागद आणि पांढरा रंग दिला, आणि ती कला भिंतीवरून कागदावर आली. डहाणूजवळच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या खाकी कागदाने आपण पुस्तकांना कव्हर घालतो, तशाच कागदावर जगभर गेलेल्या चित्रकलेची सुरुवात झाली. तेव्हा आवरणाला छापील फुलंच हवीत, हा हट्ट आपण सोडू शकतो. मात्र वारली आकृत्यांचे शिक्के मारून चौक स्वस्त करावा, हे मला पटत नाही. चौक लग्नाचा असतो, त्यात पालघट देवी असते. त्या चित्रकारांकडून कागद रंगवून घ्यावा, त्याचे योग्य पैसे द्यावेत आणि तो कागद फाडण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठी द्यावा.

या पुस्तकात प्रत्येक घराण्यातली मला जमलेली आणि टिकलेली बांधणी दिली आहे. जे फक्त फोटोत छान दिसतं आणि पिशवीतून नेताना मोडतं, ते मुद्दाम वगळलं. सामान शक्यतो वसई तालुक्यात मिळणारं आहे: सोपट, सुकं केळीचं पान, सुतळी, शिंप्याकडच्या चिंध्या, खाकी कागद, बुरुडाची परडी, जुन्या पत्रिका. विकतचा चांगला कागद हवाच असेल तर पुण्याच्या हातकागद संस्थेचा विचार करावा. १९४० सालापासून चालत आलेली ही संस्था सुती चिंध्यांपासून कागद करते, म्हणजे त्या कागदात कापडाचंच घराणं पुढे चालू आहे. पैशांच्या आहेरासाठी पाकिटांचं एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त दिली जाणारी भेट तीच, आणि तिच्या आवरणाचा विचार सर्वांत कमी झालेला. नोटांचे हार आणि टाचण्या मारलेली फुलं त्यात नाहीत, ती रिझर्व्ह बँकेलाही मान्य नाहीत.

मापं सगळीकडे सेंटिमीटरमध्ये आहेत, पण वितीने मोजलं तरी बिघडणार नाही. अगदी नवख्यांनी कागदापासून सुरुवात करू नये, कापडापासून करावी. कापड चुकलं तर सोडून पुन्हा बांधता येतं. जुन्या सुती साडीचा ७० सेंटिमीटरचा चौकोन कापा, कडा दुमडून धावदोरा घाला, मधोमध पोळ्यांचा डबा तिरका ठेवा आणि पहिली गाठ सरळ पडते की उलटी, ते पाहा. ती सरळ पडू लागली की पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने घेतली तरी चालतील.